बुडालात तर कुठं जाणार?

"पाळण्याला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो!"

लोंढ्याच्या त्या रेल्वे क्वार्टरमधलं पाळण्याचं गाणं अर्ध्यावर तुटलं. जया बाळाच्या कानाशी वाकली होती. आत्या तीच, म्हणजे नाव ठेवायचा मान तिचा. ती तशीच सरळ झाली. दारात आण्णाप्पा उभा होता, बाळाचा आजा. सकाळपासून हाच माणूस नवी टोपी घालून स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातातली पिशवी ओढून घेत होता. आता त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती.

"काय झालं, मामा?"

"मामा म्हणू नको मला! बेळगावचा पावणा माझ्याकडं पेढे मागालाय. जावयानं सरकारी नोकरी सोडली, उद्यमबागेत शेड घेतलं, कारखानदार झाला म्हणं. माझा जावई! आन् मलाच ठाव न्हाय. माझ्या पोरीला तरी ठाव हाय का?"

पाळण्याजवळ बसलेल्या सुलानं नवऱ्याकडे बघितलं. भावकू खिडकीचे गज धरून उभा होता. त्यानं मान वळवली नाही. सुलाला ठाऊक नव्हतं, हे सगळ्या खोलीला कळलं.

आण्णाप्पानं जावयाला एक शब्द विचारला नाही. त्याचं बोट जयावरच होतं.

"हिनं केलं हे. ही नोकऱ्या सोडायचा वर्ग घेती बेळगावात. काय म्हणता गं त्याला?"

"उद्योजकता."

"त्येच ते. सरळ बोलायला जीभ वळत न्हाय असलं काय तरी."

शब्द खरंच नवा होता. जया बेळगावच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायची आणि संध्याकाळी, कारखानदारांच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये, हा वर्ग घ्यायची. कॉलेजची पोरं यायची, बँकेतले कारकून यायचे, शाळामास्तर, कारखान्यातले सुपरवायझर. धंदा कसा निवडावा, गिऱ्हाईक कसं शोधावं, बँकेच्या साहेबापुढं कसं बसावं, हे सगळं ती शिकवायची. वर्गात ती एकटीच बाई, आणि तीच मास्तरीण. निपाणीत तिची आई पारूबाई शेजारणींना सांगायची, "आमची जया मोठमोठ्या लोकांना धंदा शिकवती." पारूबाईचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला होता. नवरा भरमा तंबाखूच्या वखारीत हमाल. त्या दोघांच्या खोकल्यावर तीन पोरं शिकली होती. थोरला शामू कचेरीत हेडक्लार्क, मधली जया प्राध्यापक, धाकटा भावकू पाणीपुरवठ्याच्या सरकारी ऑफिसात ज्युनियर इंजिनियर. भावकूची ऑर्डर आली तेव्हा भरमानं ती बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवली होती आणि वस्तीत साखर वाटली होती. ती ऑर्डर बघूनच आण्णाप्पानं आपली सुला त्याला दिली होती.

"पावणं, तोंड सांभाळून," शामू उठला. "माझ्या भैनीला बोलायचं असलं तर मला बोला. कुणीतरी पावणा काय बी सांगणार आन् तुम्ही बारसं थांबवणार? भावकू, सांग की रं, खोटं हाय म्हणून."

भावकूनं गज आणखी घट्ट धरले.

"भावकू!"

"खरं हाय, अण्णा. राजीनामा दिलाय."

शामू उभा होता तिथंच राहिला. मग सावकाश बहिणीकडे वळला. लहानपणी मार खायच्या आधी त्याच्या तोंडावर असा भाव यायचा, तो जयानं कितीतरी वर्षांनी पाहिला.

"तुला ठाव हुतं?"

"शेड बघितलंय ते ठाऊक होतं. राजीनामा दिलेला नव्हता ठाऊक."

"म्हंजे निम्मं ठाव हुतं."

"अण्णा, मी त्याला सांगितलं होतं. दहादा सांगितलं होतं! आधी गिऱ्हाईक बांध, दोन-तीन ठिकाणचं काम हातात येऊ दे, मग नोकरीचं बघू. वर्गात सगळ्यांना हेच सांगते मी." जयाचा आवाज चढला. आता तिचाही तोल जायला लागला होता, आणि तिचा राग धाकट्यावर होता. "काय रे, पुढच्या बाकावर बसून हेच ऐकत होतास ना? लिहूनसुद्धा घेत होतास. मग माझं नाव पुढं करून हे काय केलंस?"

"मी तुझं नाव कुणापुढंबी घेतलेलं न्हाय."

"घ्यायला कशाला लागतंय?" आण्णाप्पा मध्येच गरजला. "शिकवणारी घरातलीच! बाई, तू सोडलीस का गं नोकरी? न्हाय ना? पयल्या तारखेला पगार घेतीस का न्हाय? मग काठावर बसून दुसऱ्याच्या पोरांना विहिरीत उड्या मारायला सांगालाईस कशापायी?"

 जयाच्या वर्गातल्या एकाही साहेबानं तिला हे विचारलं नव्हतं.

"ह्या भिंती बघ," आण्णाप्पानं हातानं भिंत थोपटली. "नोकरीनं दिल्यात. माझा बाप ह्या स्टेशनाबाहेर पोत्यावर निजायचा. माझ्या पोरी ह्या छपराखाली जन्मल्या. नोकरी हाय म्हणून स्टेशनमास्तर मला नावानं हाक मारतोय. ती गेली की काय हाक मारतील, ते मला म्हायती हाय आन् तुला बी म्हायती हाय. माझ्या नातीचं नाव असल्या हातानं ठेवायचं न्हाय."

बायकांपैकी कुणीतरी "अहो, असं काय बोलताय" म्हटलं, पण हळूच. पारूबाईनं पदर तोंडाला लावला. बाहेर शंटिंगचं इंजिन खडखडत गेलं.

मग भरमा बोलला. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, एवढा वेळ त्यानं मान वर केली नव्हती.

"जया."

"काय आप्पा?"

"तू शिकीवतीस. तुला कळतंय. ह्याचा धंदा चालंल का?"

खोली जयाच्या तोंडाकडं बघू लागली. भावकूसुद्धा वळला. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, ती तिला स्पष्ट दिसली. पंपाचे भाग मशीनिंग करून द्यायचे, एक जुना लेथ, भाड्याचं शेड, आणि काम देतो म्हणालेला एकच माणूस. वर्गात दुसऱ्या कुणी हा बेत मांडला असता तर तिनं दोन मिनिटांत उभा चिरला असता. हो म्हणाली असती तर निदान आजचा दिवस निभावला असता. पण विचारणारा आप्पा होता.

"आहे तसा न्हाय चालायचा, आप्पा. एका गिऱ्हाइकावर उभा आहे तो. ते हललं की सगळं बसलं."

"आक्का!" भावकू ओरडला.

"काय आक्का? खोटं सांगू?"

"ऐका," आण्णाप्पा म्हणाला. "तिच्याच तोंडानं ऐका."

शामूनं भावाचं मनगट धरलं. "उद्याच्या उद्या जायाचं. राजीनामा अजून मंजूर झाला नसंल. साहेबाच्या पाया पडायला लागलं तर पडायचं. चूक झाली म्हणायचं."

"पाया पडू?" भावकूनं हात हिसडून घेतला. तो हसला, पण त्या हसण्यानं पारूबाई दचकली. "त्या साहेबाच्या? अण्णा, मी धंद्यासाठी नोकरी सोडली असं वाटालंय तुम्हा सगळ्यांना. वाटू दे म्हणून गप बसलो हुतो. धंद्यासाठी न्हाय सोडली."

"मग?"

"ती नळयोजना. गावाचं नाव घेत न्हाय. टाकी माझ्या देखरेखीखाली उभी राहिली. पाइपलाइन मी टाकली, रणरणत्या उन्हात. मोटार बसवली तवा रातभर तिथंच निजलो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबानं बोलावून घेतलं. म्हणाला, तू उद्या रजा टाक. का? तर गावकऱ्यांचं म्हणणं हाय, तू बटण दाबाय लागलास, टाकीजवळ उभा राहिलास, तर पाण्याचं कसं काय. साहेब शिकलेला. माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला, समजून घे, गावाच्या भल्याचं काम हाय." भावकूचा श्वास लागला होता. "मी रजा टाकली. टाकली, आप्पा! घरात बसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर शिपाई सांगाय लागला, टाकी धुऊन घेतली म्हणं. गोमूत्र टाकून. माझ्या हातची टाकी. तवा लिहिला राजीनामा."

 जयाला आठवलं, त्याच आठवड्यात तो वर्गात पुढच्या बाकावर बसला होता आणि ती फळ्यासमोर उभी राहून सांगत होती, की जो घाबरतो तो उद्योजक नव्हे. तेव्हा त्यानं किती जोरजोरात मान हलवली होती.

"मला का न्हाय सांगितलंस?" ती म्हणाली.

"आप्पांनी ऑर्डर फोटोपुढं ठेवली हुती. काय सांगू?"

भरमानं डोळे मिटून घेतले.

शामूचा चेहरा मात्र निवळला नाही. उलट तो जास्तच तांबडा झाला. जयाला वाटलं होतं आता तो भावाला जवळ घेईल.

"एवढंच?" शामू म्हणाला. "एवढ्यासाठी? माझ्या टेबलावरची फाईल शिपाई चिमटीत धरून न्यायचा. मी हेडक्लार्क, आन् तो शिपाई! कचेरीत चहा आला की माझा ग्लास खिडकीत. मी घरी येऊन कधी बोललो? तुझी फी भरली त्या पगारातनं. हिची भरली. गिळलं म्हणून भरली. आन् तू एका रजेवरनं नोकरी फेकतोस? मी काय येडा हुतो व्हय रं इतकी वर्षं?"

"मी तसं म्हणालो न्हाय, अण्णा."

"म्हणालास की! तू सोडलीस म्हंजे मी धरून बसलो ते काय झालं मग?" त्याचा आवाज फाटला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि जयाला कळलं की थोरल्याचा हा राग आजचा नाही, भावकूवरचाही नाही. पण तो कुणावर काढायचा हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा सुला उठली. बाळंतीण होती, कानाला फडकं बांधलेलं. सकाळपासून नवरा सोडून तिनं कुणाकडं वर मान करून बघितलं नव्हतं.

"झालं सगळ्यांचं?" ती म्हणाली. "बाबानं पोरगी नोकरीला दिली. अण्णांनी नोकरीसाठी गिळलं. वन्संनी धंदा चालणार न्हाय म्हणून सांगितलं. मला कुणी विचारलं?" ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही त्या दिवशी घरात बसलाता. मी विचारलं, बरं वाटंना का. तुम्ही म्हणालासा, डोकं दुखालंय. मी सुंठ उगाळून लावली. डोक्याला सुंठ लावून घेतलीत, पर खरं न्हाय सांगितलं. नोकरी सोडली त्याचं मला काय न्हाय. ह्याचा राग हाय मला. लई राग हाय."

"सुला—"

"परत जायचं न्हाय तिथं. मी येणार न्हाय त्या गावात, माझी पोरगी ते पाणी पिणार न्हाय. आन् धंदा काढायचा तर नीट शिकून काढा. घाईनं, लपून काढू नका." ती वळली. "वन्सं, नाव ठेवा."

"सुले!" आण्णाप्पा म्हणाला.

"बाबा, पोरगी माझी हाय."

आण्णाप्पानं टोपी काढली, परत घातली, आणि बाहेर निघून गेला. खिडकीतून तो रुळांकडे चालत जाताना दिसला. ड्यूटी नव्हती त्याची त्या दिवशी. जयानं पाळण्याची दोरी धरली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं, विशाखा. बायकांनी गाणं परत धरलं, पण सूर लागला नाही. आजा घुगऱ्या खायलाही आला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं बहीण-भाऊ बेळगावला निघाले. आई-आप्पा शामूबरोबर पुढच्या डब्यात बसले. शामूनंच त्यांना तिकडं नेलं. खानापूर येईस्तोवर भावकू हातातलं तिकीट दुमडत बसला.

"सगळ्यांच्या पुढं न्हाय म्हणालीस," शेवटी तो म्हणाला.

"परत विचारलं तर परत न्हाय म्हणीन."

"मग शिकवतीस कशाला?"

तो तोंड फिरवून बसला. जया दातावर दात दाबून बाहेर बघत राहिली. प्रश्न आण्णाप्पाचाच होता, फक्त आवाज दुसरा. तिला रडू येत नव्हतं. नुसती आग होत होती, आणि तिला कळत होतं की त्या आगीतला मोठा वाटा तिचा स्वतःवरचा आहे. दोन वर्षं ती फळ्यावर 'जोखीम' हा शब्द लिहीत होती आणि समोरच्या सगळ्यांना तो सारखाच वाटून देत होती.

"उद्या वर्गाला ये," ती म्हणाली.

"कशाला?"

"ये म्हणते ना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल नेहमीसारखा भरला होता. भावकू आला, पण मागच्या बाकावर बसला. मंडळाचे सेक्रेटरी कधीमधी येऊन बसायचे, तसे दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. जया फळ्याकडे गेली, खडू उचलला आणि परत ठेवला.

"आज शिकवायचं नाही, विचारायचंय," ती म्हणाली. "तुमच्यातला प्रत्येक जण नोकरी सोडून, नाहीतर नोकरी न करता धंदा काढू बघतोय. समजा, बुडालात. तर कुठं जाणार?"

पोरं एकमेकांकडे बघून हसली. पण ती थांबून राहिली, म्हणून एकेक बोलू लागले. बँकेतला कारकून म्हणाला, चुलत्याचं किराणा दुकान आहे. एक मास्तर म्हणाले, गावाकडं थोरला भाऊ शेती बघतो, जेवायला घालील. पुढच्या बाकावर गुंडू नावाचा पोरगा बसायचा. त्याच्या वडलांची फाउंड्री होती. तो म्हणाला, "घरातच आहे की कारखाना, मॅडम. पुन्हा सुरू करू."

"भावकू?"

भावकू उभा राहिला. "कुठं न्हाय."

"म्हणजे?"

"जागाच न्हाय, आक्का. बुडालो की बुडालो."

"ऐकलंत?" जया वर्गाला म्हणाली. "मी आजवर तुम्हाला सांगितलं की उद्योजक जोखीम घेतो. तुम्ही घेता ती जोखीम, आणि हा घेतो तीही जोखीमच? तुम्ही पडलात तर गादीवर पडणार. हा पडला तर ह्याची बायको, पोरगी, आईबाप, सगळे खाली. आणि मी दोघांना एकच धडा शिकवला. चुकीचं शिकवलं. गुंडू, तुमच्याकडं पंपाचे भाग मशीनिंगला बाहेर देतात?"

"देतात."

"ह्यानं दर, माल, वेळ, सगळं चोख दिलं, तर ह्याला काम मिळेल?"

गुंडूनं भावकूकडे बघितलं. हसू पुसलं गेलं. "वडलांना विचारायला लागंल."

"काय विचारणार? दर?"

"...तसं नाही."

"मग कसं?"

गुंडू पायाकडं बघू लागला. दाराजवळची खुर्ची सरकली. सेक्रेटरी उठून पुढं आले.

"बाई, हा विषय वर्गात नको. इथं धंदा शिकायला येतात लोक. जातबीत आणू नका."

"मी आणली?" जयाचा आवाज हॉलभर घुमला. "मी अजून तिचं नावसुद्धा घेतलं नाही, साहेब. घेतलं ते तुम्ही. मी एवढंच विचारलं, की चांगलं काम केलं तर काम मिळेल का. हे कळल्याशिवाय धंदा शिकवायचा तरी कसा ते तुम्ही सांगा, मी तसं शिकवते."

"हे असं चालायचं नाही. मला कमिटीपुढं ठेवावं लागेल."

"ठेवा."

"आन् मला बी बोलवा तवा," मागून कुणीतरी म्हणालं.

जयानं बघितलं. दाराच्या आत शामू उभा होता, कचेरीच्या कपड्यांत, काखेत छत्री. निपाणीहून बस पकडून तो कधी आला, किती ऐकलं, कुणास ठाऊक. सेक्रेटरींनी "आपण कोण?" विचारलं.

"हिचा थोरला भाऊ. त्याचा बी." त्यानं भावकूकडं बोट केलं. मग त्याच्या बाकापाशी जाऊन उभा राहिला. सगळा वर्ग वळून बघत होता, पण शामूला त्याचं काही नव्हतं. जन्मभर हळू बोलायची सवय असलेला माणूस त्या दिवशी मोठ्यानं बोलला.

"तुला घेऊन साहेबाकडं जायाला आलतो मी. राजीनामा माघारी घ्यायला." त्यानं जोरात श्वास घेतला. "जाऊ नको."

"अण्णा—"

"गप. एका गिऱ्हाइकावर शेड उभारू नको. ही सांगती तसं कर. बाहेरगावची गिऱ्हाइकं बघ, जिथं मालाकडं बघतात, तोंडाकडं न्हाय. घर मी चालवतो, जमंल तेवढं."

मग तो फळ्याजवळ आला. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं; ते बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तुझ्यावरचा राग गेलेला न्हाय माझा," तो म्हणाला. "शेड ठाव असून मला बोलली न्हाईस. ते मी इसरणार न्हाय."

"नको विसरू, अण्णा."

शामू मागं गेला आणि भावकूच्या शेजारी बाकावर बसला. छत्री मांडीवर आडवी घेतली. सेक्रेटरी अजून मध्येच उभे होते.

"बसा साहेब," शामू म्हणाला. "शिकवू द्या तिला."